औषध चाललं नाही? कीड नियंत्रणातल्या या चुका टाळा

"फवारून चार दिवस झाले, किडीवर काहीच फरक नाही. दुसरं भारी औषध सांगा." हंगामात हे वाक्य कानावर पडलं की औषधाचं नाव सांगण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. कीड कोणती होती? लहान होती की मोठी? पानावर होती की झाडाच्या आत शिरली होती? बहुतेक वेळा तिन्हींचं उत्तर येत नाही. म्हणजे पंप भरण्याआधीच ती फवारणी वाया गेलेली असते आणि बोल मात्र औषधाला लागतो. मग त्याहून जहाल औषध येतं, खर्च वाढतो, मित्रकीटक मरतात आणि आठ-दहा दिवसांत तीच कीड दुप्पट होऊन समोर उभी राहते.

पान न उलटता फवारणं

मिरचीचा चुरडा-मुरडा घ्या. पानं आकसलेली दिसली की "चुरड्याचं औषध" मारायचं, ही सवय. पण चुरडा-मुरडा हे लक्षण आहे, किडीचं नाव नाही. फुलकिडे असतील तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात, पान होडीसारखं दिसतं. पिवळा कोळी असेल तर कडा खाली वळतात, होडी पालथी घातल्यासारखी, आणि पानाचा देठ लांबतो. हा फरक कळणं फार महत्त्वाचं, कारण कोळी मुळात कीटकच नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या कुळातला. फुलकिड्यांवर चालणारी बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, कोळीनाशकच लागतं. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं वरचेवर मारली तर कोळ्यांना खाणारे परभक्षी कोळी आधी मरतात आणि पिकावरचा कोळी मोकाट सुटतो.

तिसरी शक्यता विषाणूची. पांढऱ्या माशीने पसरवलेला पर्णगुच्छ एकदा झाडात शिरला की कोणतंही कीटकनाशक त्या झाडाला बरं करत नाही. असं झाड लवकर उपटून नष्ट करायचं आणि बाकीच्या झाडांवरची पांढरी माशी आटोक्यात ठेवायची. चौथी शक्यता तर किडीची नाहीच. शेजारच्या रानात मारलेल्या २,४-डी तणनाशकाचा फवारा वाऱ्याने टोमॅटो किंवा कापसावर आला तरी पानं अशीच वेडीवाकडी होतात. त्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे निव्वळ खर्च.

ओळखायला फार साहित्य लागत नाही. शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि शेंडा दोन-तीनदा झटका. गव्हाच्या काडीच्या रंगाचे, सुईच्या टोकाएवढे लांबट किडे कागदावर पळताना दिसले तर ते फुलकिडे. काहीच दिसलं नाही तर कोवळ्या पानाची खालची बाजू दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा, कारण पिवळा कोळी नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. असं भिंग प्रत्येकाच्या खिशात असावं, असं माझं आग्रहाचं मत आहे.

एक कीड दिसली की पंप उचलणं

बांधाकडच्या दोन झाडांवर मावा दिसला म्हणून सगळं रान फवारायचं नसतं. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी आर्थिक नुकसान पातळीची कल्पना मांडली. ती आजही तितकीच उपयोगी आहे: किडीमुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल, तरच फवारा. त्यासाठी मोजावं लागतं. आठवड्यातून दोनदा रानात नागमोडी चालत जा, कडेच्या ओळी सोडून आतली वीसेक झाडं निवडा, वरचं, मधलं आणि खालचं पान उलटा, आकडा वहीत लिहा. दोन पाहण्यांमध्ये आकडा वाढतोय की घटतोय, हे एका आकड्यापेक्षा जास्त सांगून जातं.

मोजताना मित्रकीटकही मोजा. याबाबतीत माझ्या हातून झालेली चूक अजून मनाला लागून आहे. सुरुवातीच्या काळात चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा खच्चून भरला होता आणि त्यात करड्या-काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, छोट्या मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरत होत्या. मावा त्यांच्यामुळेच आला असं समजून मी फवारलं. मावा गेला, अळ्याही गेल्या. दहाव्या दिवशी मावा परत आला, अळ्या मात्र आल्या नाहीत. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या, मावा खाऊनच वाढणाऱ्या. राबणारे हात मी स्वतः कापले होते.

त्यानंतर शेंडा हातात घेतला की मी आधी तीन खुणा शोधतो. माव्याच्या थव्यात फुगलेले, सोनेरी-तपकिरी, न हलणारे मावे असतील तर परजीवी गांधीलमाशीने त्यांच्यात अंडी घातली आहेत. पानावर केसासारख्या धाग्याच्या टोकाला उभं असलेलं इवलं अंडं क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाचं असतं. आणि पतंगाची अंडी काळी पडलेली दिसली तर तिथे ट्रायकोग्रामाने, म्हणजे किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीने, काम केलेलं असण्याची शक्यता मोठी. या खुणा भरपूर असतील तर तीन-चार दिवस थांबून परत मोजा. पुष्कळदा फवारणीची गरजच उरत नाही.

हे एखाद्या रानापुरतं खरं नाही. इंडोनेशियात भातावर भरमसाट फवारण्या झाल्या, तपकिरी तुडतुड्यांचे शत्रू असलेले कोळी (इथे पिकावरचा नव्हे, कीटक खाणारा स्पायडर) आणि परभक्षी ढेकूण मारले गेले आणि तुडतुड्यांचा उद्रेक झाला. अखेर १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली.

अळी आत शिरल्यावर औषध शोधणं

वांग्यावरची शेंडा व फळ पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. फळावर भोक आणि विष्ठा दिसेपर्यंत ती आत सुरक्षित बसलेली असते, वरून कितीही फवारा. इथे औषधापेक्षा हात जास्त कामाला येतात. सुकून माना टाकलेले शेंडे भोकाच्या थोडं खालून खुडायचे, किडकी वांगी तोडायची आणि रानाबाहेर नेऊन नष्ट करायची. किडकी फळं बांधावर टाकली तर पुढची पिढी तिथूनच उडते. फवारणी करायचीच असेल तर ती कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) पतंग वाढताना, म्हणजे अंडी फुटण्याच्या सुमारास.

मक्यावरच्या लष्करी अळीचंही तेच. पानांवर खरवडल्यासारखे पांढरट पापुद्रे दिसतात तेव्हा अळी लहान असते आणि सहज मरते. पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचली की मोठी अळी तिच्याखाली दडते आणि औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नोझल थेट पोंग्यात धरा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. पानांवरून भुरभुर फवारून ही अळी मरत नाही.

फुलकिड्यांची अडचण वेगळी: अंडी पानाच्या आत, कोष बहुतेक मातीत. एका फवारणीत फक्त पानावरची पिल्लं आणि प्रौढ सापडतात, बाकीचे आठवडाभरात पुन्हा वर येतात.

नाव बदललं, गट तोच

डब्यावरचं नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं, असा समज फार पक्का आहे. क्लोरँट्रानिलिप्रोल, सायँट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेंडियामाइड ही तीन नावं असली तरी तिन्ही एकाच गटातली, गट २८. (औषध किडीला कसं मारतं, त्यावरून हे गट पाडलेले असतात.) इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम दोन्ही ४ए. एकापाठोपाठ एक मारली तर किडीच्या दृष्टीने ती एकाच औषधाची दोनदा फवारणी. बाटलीवर क्रियेच्या गटाचा आकडा असेल तर तोच पाहून फेरपालट करा, एका पिढीवर एक गट, पुढच्या पिढीवर दुसरा.

कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग या बाबतीत सगळ्यांचा गुरू आहे. १९५३ मध्ये जावा बेटावर तो डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद झाली आणि १९९० च्या सुमारास हवाईत बीटी या जिवाणूपासून बनवलेल्या औषधाच्या फवारणीलाही तो प्रतिकार करू लागला. जैविक औषधाला प्रतिकार होत नाही, ही समजूतही त्याने खोटी ठरवली. मात्रा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. जी अळी दुप्पट मात्रेतूनही वाचते, तिचीच पिल्लावळ रानात उरते.

पंप, पाणी आणि मिश्रण

पांढरी माशी, मावा, तुडतुडे, कोळी हे सगळे पानाखाली राहतात आणि फवारा मात्र पानावर पडतो. कीटकनाशकाला पोकळ शंकूसारखा बारीक फवारा देणारं नोझल वापरा आणि लान्स (पंपाची फवारणी नळी) खालून वर धरा. झिजलेलं नोझल बदला, ते जास्त पाणी सोडतं आणि थेंब मोठे पडतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

पाणी फार अल्कधर्मी असेल तर ऑर्गनोफॉस्फेट गटातली काही औषधं पंपातच विघटित होऊ लागतात. म्हणून पाण्याचा सामू (पीएच) एकदा तपासून घ्या आणि कालवलेलं द्रावण रात्रभर ठेवू नका. कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत, टॉनिक असं चार-पाच गोष्टींचं मिश्रण तर टाळाच. पान करपलं तर कशाने करपलं, हेही कळत नाही. बिव्हेरियासारख्या उपयुक्त बुरशीसोबत बुरशीनाशक मिसळणं म्हणजे तिला पंपातच मारणं.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध चालत फवारू नका. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका, मी कळकळीने सांगतो. फुलोऱ्यात फवारावंच लागलं तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी. आणि लेबलवर लिहिलेले काढणीआधीचे दिवस पाळा, खाणारा त्या भाजीवर विश्वास ठेवून खात असतो.

दुसऱ्या दिवशीच निकाल लावणं

बीटी खाल्लेली अळी काही तासांत खाणं थांबवते, पण मरायला दोन-तीन दिवस घेते. वाढनियंत्रक औषधांचा परिणाम कात टाकताना दिसतो, प्रौढ किडे त्याने मरत नाहीत. निंबोळी अर्काने अळी पटकन मरत नाही, तिची भूक आणि वाढ खुंटते. एनपीव्ही (अळ्यांना मारणारा विषाणू) आणि बीटी उन्हात लवकर निकामी होतात, म्हणून ती संध्याकाळी मारायची. दुसऱ्या सकाळी जिवंत अळी पाहून लगेच रासायनिक औषध मारणारे लोक ही साधनं उगाच बदनाम करतात.

कीड वाचलीच, तर ती कुठे वाचली ते पाहा

झाडाच्या आतल्या आणि खालच्या पानांवरच कीड उरली असेल तर औषध तिथे पोचलं नाही, नोझल आणि पाण्याचं प्रमाण सुधारा. लहान अळ्या मेल्या आणि फक्त मोठ्या उरल्या तर फवारणी उशिरा झाली. सगळ्या अळ्या अगदी लहान दिसत असतील तर त्या फवारणीनंतर अंड्यांतून आलेल्या असू शकतात, औषध फसलं असं लगेच म्हणू नका. पान नीट भिजलेलं, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, आणि तरीही सगळ्या वयाची कीड सगळीकडे जिवंत असेल, तर ओळख चुकली आहे का ते पाहा. ओळख बरोबर असेल तर प्रतिकाराची शंका घ्या आणि गट बदला.

हे ताडून पाहायचं तर फवारणीआधी दहा झाडांना रंगीत दोरे बांधा, त्यांच्यावरची कीड मोजून लिहा आणि एक ओळ न फवारता सोडा. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तीच झाडं आणि ती कोरी ओळ मोजा. कोऱ्या ओळीतही कीड तितकीच घटलेली दिसली, तर ते काम पावसाने किंवा मित्रकीटकांनी केलेलं असतं आणि पुढचा पंप भरण्याआधी आणखी दोन दिवस थांबता येतं.