खाडीचं पाणी तळ्यात घेताय? या चुका टाळा

पाऊस ओसरायला लागला की दाभोळ खाडीकाठच्या कुणा ना कुणा नव्या कोळंबीवाल्याचा फोन येतोच. "पाणी मोजूनच घेतलं होतं हो, तरी माल मेला." कधी मोजलंत आणि किती खोलीवरचं, एवढंच मी विचारतो. पलीकडे शांतता.

काठावरून बादली बुडवून एकदाच क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, मोजणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमने जड असतं. म्हणून पावसाळ्यात भरतीचं खारं पाणी तळाने आत सरकतं आणि नदीचं गोडं पाणी त्याच्या डोक्यावरून समुद्राकडे जातं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. सकाळचा आकडा संध्याकाळी खोटा ठरतो.

माझ्या पुतण्याने हे अनुभवून घेतलं. दिवाळीपर्यंत थांब म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो, त्याने भाद्रपदातच बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडलं. नवरात्रात पंचमीला दुपारी चारच्या भरतीला पाणी मोजलं, १९ पीपीटी (हजार भागांत १९ भाग मीठ) आलं. खूश झाला. मग जेवणखाण, इकडची तिकडची कामं, आणि पंप सुरू केला संध्याकाळी सातला, म्हणजे ऐन ओहोटीत. आमच्याकडे कडक ऊन होतं, पण घाटात दोन दिवस परतीचा पाऊस कोसळत होता आणि ते सगळं पाणी ओहोटीबरोबर खाली येत होतं. रात्री अकराला पंप बंद केला. सकाळी मी जाऊन मोजलं तर तळ्यात वर ९, तळाशी १७. कोळंबी काठाला येऊन निपचित पडलेली. वरचं पाणी मोरीच्या (तळ्याच्या दाराच्या) फळ्या काढून सोडलं, मग एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) लावले, पण निम्म्याहून जास्त माल गेला. पोराने कर्ज काढलं होतं. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

माझी सवय सांगतो. बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर गेली की बूच ओढायचं. वरचं, मधलं, तळाचं, तिन्ही मोजायचं, भरतीला आणि ओहोटीलाही. पंप भरतीच्या शेवटच्या तासात सुरू करायचा. पाणी थबकून परत फिरलं की बंद, तळं अर्धं राहिलं तरी. उरलेलं उद्या. "एकदाच भरून टाकू" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांना बी कुठून आणायचं तेही सांगत नाही.

भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढता (पंचमीला पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचार), ते ठीक. पण ती खाडीच्या तोंडाची. जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. आपल्या धक्क्यावर काठी रोवून पंधरा दिवस स्वतः बघा.

दुसरी चूक, अंगणातला पाऊस बघून खाडीचा अंदाज बांधणं. खाडी घाटाचा पाऊस पिते. आणि आपल्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीचं तर त्याहून वेगळं आहे. कोयना धरणाचं पाणी वीज तयार करून कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत उतरतं, त्यामुळे भर उन्हाळ्यात आभाळ कोरडं असतानाही वरच्या अंगाला गोडं पाणी येत राहतं. म्हणून जैतापूर किंवा मालवणकडच्या कुणाचं वेळापत्रक जसंच्या तसं इथे उचलू नका. त्यांचं चुकीचं नाही, त्यांची खाडी वेगळी आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वरून पूर आणि खालून उधाण एकत्र आलं की खाडी काय करते ते इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. तरी लोक उधाणाच्या दिवसांत बांध तपासत नाहीत.

नारळी पौर्णिमेला खाडी खारी होते हाही एक समज. समुद्र निवळायला लागतो, खाडीला अजून महिने लागतात, आणि खारटपणा तोंडाकडून आत हळूहळू चढतो.

आरओच्या पाण्याचा टीडीएस पेन खाडीत वापरू नका, त्याचं माप फार आधी संपतं. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या आणि शून्य डिस्टिल्ड वॉटरने लावा, विहिरीच्या पाण्याने नव्हे.

ढगाळ दिवसांत एरेटर बंद ठेवून वीज वाचवू नका. ऊन नसलं की तळ्यातलं शेवाळ प्राणवायू कमी बनवतं आणि पहाटे तो सगळ्यांत खाली गेलेला असतो.

खाजणातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) बांधांवर पहिल्या पावसाआधी चुना टाका. उन्हाळ्यात तापलेल्या त्या मातीतून आम्ल धुऊन तळ्यात उतरतं.

मे महिन्यात उलटी चूक होते. तळ्यातलं पाणी आटतं, मीठ मागे राहतं, आणि क्षारता समुद्राच्या ३५ च्याही वर जाते. तेव्हा तोंडाजवळचं खारं पाणी ओतून उपयोग नाही. वाशिष्ठीकाठी असाल तर वरच्या अंगाचं ओहोटीचं पाणी घ्या, रोज थोडं थोडं, मोजून.