तुझी सम कुठे होती? : इलेक्ट्रिक गिटारवर वेग शिकताना

पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना, 2004 च्या हिवाळ्यात, एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी पावणेदोन मिनिटांचा सोलो वाजवला. त्याआधीचे सात-आठ महिने मी होस्टेलच्या खोलीत रोज चार तास मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) लावून बसत होतो, आणि रूममेटने सोसलेल्या त्या तासांचे चीज झाले असे मला त्या रात्री वाटले, कारण टाळ्या भरपूर पडल्या होत्या. प्रेक्षकांत माझे मामा होते. ते सांगलीकडे भजन आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना तबल्याची साथ करत आणि कामानिमित्त पुण्यात आले होते, म्हणून मुद्दाम थांबले होते. बाहेर टपरीवर चहा घेताना ते म्हणाले, ‘‘हात चांगला तयार केला आहेस. पण मला एक सांग, तुझी सम कुठे होती?’’

सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सगळे एकत्र येतात. रॉकमध्ये सम नसते, असे उत्तर मी काहीशा तोऱ्यात दिले. ‘‘मग तो ड्रमवाला कशाला बसवला होता?’’ असे विचारून त्यांनी विषय संपवला. दोन दिवसांनी एका मित्राने हँडीकॅमवर केलेले चित्रण पाहिले तेव्हा मामांचा प्रश्न मला कळला. मी ज्या जागांवर सर्वांत वेगात वाजवत होतो, तिथे ड्रमर मला सांभाळून घेत होता. माझी तान जिथे संपेल तिथे तो बिचारा झांज मारत होता आणि पुन्हा ठेका पकडत होता. तान समेवर येत नव्हती, सम तानेच्या मागे धावत होती.

गिटारवर वेगाने वाजवायला शिकू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी मी हे लिहितो आहे, आणि माझे म्हणणे एवढेच आहे की तानेचा सराव तिच्या शेवटापासून सुरू करावा. हे मला कळायला फार वर्षे लागली आणि मध्ये एकदा हातही दुखावून घ्यावा लागला.

आधी वेगाचा हिशेब पाहू, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोके देत असेल आणि आपण प्रत्येक ठोक्यात चार स्वर वाजवत असू, तर सेकंदाला चार स्वर होतात. 120 ला आठ आणि 160 ला दहा ते अकरा. 120 च्या चौपटीत स्वच्छ आणि समान अंतराचे स्वर काढणारा वादक ऐकणाऱ्याला पुरेसा वेगवान वाटतो, आणि 160 ला स्वर एकमेकांत मिसळू देणारा वादक त्याच्यापुढे नुसता घाईत असल्यासारखा भासतो. मी स्पर्धेत 160 चा आकडा गाठल्याचा अभिमान बाळगत होतो. चित्रण ऐकताना दिसले की चारच्या गटातला पहिला स्वर आणि चौथा स्वर यांच्यामधले दोन स्वर बहुतेक वेळा गिळले जात होते, म्हणजे प्रत्यक्षात मी जेमतेम दुगुण (एका ठोक्यात दोन स्वर) वाजवत होतो आणि बाकीचे काम डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) करत होते.

या डिस्टॉर्शनचा स्वभाव नवशिक्याने सुरुवातीलाच समजून घ्यावा. अँपचा (अँप्लिफायरचा) गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचे प्रमाण, वाढवला की सिग्नलचे शेंडे कापले जातात, त्यामुळे हळू छेडलेली आणि जोरात छेडलेली तार जवळजवळ सारख्याच पातळीवर ऐकू येते आणि स्वर लांबतो. म्हणूनच डाव्या हाताच्या बोटांनी नुसते आपटून आणि ओढून काढलेले स्वर, ज्यांना आपण हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ म्हणतो, ते पिकने (तार छेडण्याच्या छोट्या पट्टीने) छेडलेल्या स्वरांच्या बरोबरीने उमटतात. वेगाला ही मोठीच मदत आहे. पण गायक ज्या लहान-मोठ्या आवाजाच्या चढउताराने ओळीला अर्थ देतो, तो चढउतार याच कारणाने गिटारवादकाच्या हातून निघून जातो. मग त्याच्याजवळ उरते काय? स्वर केव्हा सुरू करायचा, केव्हा बंद करायचा, किती ताणायचा आणि किती हलवायचा. बेंड, व्हायब्रेटो आणि म्यूट यांना इलेक्ट्रिक गिटारवर एवढे महत्त्व आले ते यामुळे, असे माझे मत आहे. गेनबरोबर न छेडलेल्या तारांची कुजबुजही मोठी होते, म्हणून उजव्या तळव्याची कड जाड तारांवर आणि डाव्या तर्जनीचे टोक शेजारच्या जाड तारेला चिकटून ठेवायची सवय पहिल्या महिन्यापासून लावावी. नंतर ती सहज लागत नाही. मला लागायला दोन वर्षे गेली.

आता प्रत्यक्ष तान घेऊ. ए मायनर स्केल, प्रत्येक तारेवर तीन स्वर, सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेच्या पाचव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) सुरुवात. सहाव्या तारेवर 5, 7, 8. पाचवीवर 5, 7, 8. चौथीवर 5, 7, 9. तिसरीवर 5, 7, 9. दुसरीवर 6, 8, 10. इथे पंधरा स्वर झाले. सोळावा स्वर पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवर आणि सतरावा आठव्या फ्रेटवर, म्हणजे सी. ए हा षड्ज धरला तर हा कोमल गंधार होतो. सोळा मात्रांच्या तीनतालात तेराव्या मात्रेपासून एका मात्रेत चार या हिशेबाने ही तान सुरू केली, तर सोळा स्वर चार मात्रांत संपतात आणि सतरावा स्वर नेमका समेवर पडतो.

माझा सराव आज असा चालतो. मोबाइलवर तीनतालाचा ठेका 60 च्या लयीत लावायचा आणि पहिली दहा मिनिटे फक्त तो सतरावा स्वर वाजवायचा, दुसरे काही नाही. पंधरा मात्रा गप्प बसायचे, सोळाव्या मात्रेला श्वास घ्यायचा आणि समेवर कोमल गंधार, त्यावर व्हायब्रेटो, तोही ठेक्याशी जुळलेला. नंतर सोळाव्या मात्रेतले शेवटचे चार स्वर जोडायचे आणि समेवर यायचे. मग आठ, मग बारा, मग सोळा. शेवटाकडून सुरुवातीकडे असे मागे मागे गेले की तानेत पुढे सरकताना हात ओळखीच्या, बसलेल्या भागाकडे जातो. उलट सुरुवातीपासून घोकणाऱ्याचे पहिले सहा स्वर चकचकीत असतात आणि मुक्कामाच्या जवळ आल्यावर त्याची तारांबळ उडते. माझी तीच अवस्था होती. हे बसले की समेचा स्वर आठव्या फ्रेटवर न वाजवता सातव्या फ्रेटवरच तार अर्धा स्वर ताणून काढून पाहावा. मींडेने आलेला गंधार आणि थेट दाबलेला गंधार यांतला फरक कानाला लगेच कळतो, आणि दर आवर्तनाला कोणता घ्यायचा हे ठरवायला लागल्यावर तान पाठांतराची राहत नाही.

याच तानेत उजव्या हाताची खरी अडचणही दडलेली आहे. पिक खाली-वर, खाली-वर असा आलटून पालटून चालवला, तर सहाव्या तारेवरचा तिसरा आघात खाली जातो आणि पाचव्या तारेवरचा पहिला आघात वर यायला हवा असतो, म्हणजे पिकला पाचवी तार ओलांडून पलीकडे जावे लागते आणि मग परतावे लागते. चुकते ते याच ठिकाणी, एका तारेवर क्वचितच. काही वादक इथे खाली आलेला पिक तसाच पुढच्या तारेवर ढकलतात. ऑस्ट्रेलियन वादक फ्रँक गॅम्बाले यांनी ही पद्धत फार पुढे नेली. दोन्ही पद्धती चालतात. माझ्या कानाला आलटून पालटून छेडलेली तान अधिक टोकदार आणि ढकललेली अधिक वाहती वाटते, तेव्हा निवड कानाने करावी. सरावासाठी मात्र संपूर्ण तान घोळवत बसण्यापेक्षा, तार बदलतानाचे चारच स्वर सुटे काढून दोनशे वेळा वाजवणे बरे.

‘हळू वाजवा, वेग आपोआप येईल’ हा सल्ला मला प्रत्येकाने दिला आणि तो अर्धाच खरा आहे. संथ लयीत पिक मोठा फेरा मारतो, मनगट वेगळ्या रीतीने हलते, आणि त्या हालचाली जलद लयीत शक्यच नसतात. म्हणजे आपण चालण्याचा सराव करून पळण्याची अपेक्षा ठेवतो. त्यामुळे 60 च्या सरावाबरोबर दिवसातून काही वेळा पाच-सहा स्वरांचा छोटा तुकडा एकदम 130-140 ला वाजवून थांबावे आणि हात कुठे आवळला गेला ते पाहावे. खांदा वर गेला असेल, अंगठा गिटारच्या मानेमागे दाबला गेला असेल, जबडा आवळला असेल, तर तो वेग आपला नाही. 2006 साली मी ही खूण दुर्लक्षिली आणि उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत इतकी कळ येऊ लागली की दीड महिना गिटार पेटीत ठेवावी लागली. दुखू लागले की त्याच क्षणी थांबावे. उद्या वाजवता येते.

ऐकण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवशिके वेगवान वादकांचे ऐकतात ते निम्मेच. एडी व्हॅन हेलन यांचा 1978 च्या पहिल्या अल्बममधला एकल तुकडा अवघा 1 मिनिट 42 सेकंदांचा आहे. दोन्ही हातांनी फ्रेटबोर्डवर टॅपिंग करण्याचा जो भाग सर्वांना पाठ असतो, तो शेवटी येतो. त्याआधी ताणलेले स्वर, खोल उतरणारा ट्रेमोलो बार (तारांचा ताण कमी-जास्त करणारा दांडा) आणि थेट शांतता यांनी जागा तयार केलेली असते. स्वीडनचे यिंग्वी माल्मस्टीन यांच्यावर ‘नुसता वेग’ असा शिक्का बसला आहे. तो मला अन्यायाचा वाटतो. 1984 चा त्यांचा अल्बम ऐकताना पळत्या स्वरांकडे दुर्लक्ष करून फक्त थांबलेले स्वर ऐकावेत, त्यांचा रुंद आणि स्थिर व्हायब्रेटो भल्याभल्यांना साधत नाही. अ‍ॅलन होल्ड्सवर्थ यांना मुळात सॅक्सोफोनची ओढ होती आणि त्यांची तान छेडलेली न वाटता फुंकलेली वाटते. याच्या दुसऱ्या टोकाला जेफ बेक. त्यांनी 1980 च्या दशकात पिक बाजूला ठेवला आणि अंगठा, बोटे व ट्रेमोलो बार यांतून अक्षरशः गाणे काढले.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण जॉन मॅकलॉफ्लिन यांचे. महाविष्णू ऑर्केस्ट्रामध्ये इलेक्ट्रिक गिटारवर तुफान वेग दाखवल्यानंतर त्यांनी माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा गट उभा केला आणि मींड घेता यावी म्हणून अकूस्टिक गिटारच्या दोन फ्रेटच्या मधले लाकूड कोरून घेतले. माल्मस्टीन यांच्या इलेक्ट्रिक गिटारवरही तसेच कोरीव काम असते, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. शक्तीच्या ध्वनिमुद्रणांत गिटार आणि तबला यांची सवाल-जवाबाची जागा बोटाने मात्रा मोजत ऐकावी. कितीही आडवळणाने गेले तरी दोघे समेवर एकत्र उतरतात, आणि मामांचा प्रश्न किती सरळ होता हे तिथे कळते.

वाद्याविषयी फार लिहीत नाही. 9 किंवा 10 गेजच्या (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि न वाकणारा जाडसर पिक एवढे पुरे. महागड्या गिटारने वेग वाढत नाही. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संस्थांच्या संगीत परीक्षा द्याव्यात का, असे पालक विचारतात. स्वरलिपी वाचण्याची आणि ठरावीक मुदतीत काम संपवण्याची शिस्त लागते, म्हणून द्याव्यात, पण परीक्षेचा सोलो बसवण्यात पूर्ण वर्ष घालवू नये.

पैसे मिळवण्याची वेळ येते तेव्हा वेगाची मागणी अपेक्षेपेक्षा कमी निघते. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांत आणि स्टुडिओत मी बारा वर्षे वाजवले. तिथे वाट्याला येतात दोन अंतऱ्यांमधल्या आठ-आठ बारच्या (बार म्हणजे ठोक्यांचा ठरावीक गट) जागा, आणि संगीत संयोजक बहुधा एवढेच सांगतो की पीस गाता येईल असा हवा आणि गायिका उचलेल तो स्वर शेवटी सोडून ठेव. पहिल्या वर्षी मी त्या आठ बारांत माझे सगळे सामान भरायचो आणि तीन-तीन टेक वाया जायचे. आता टेकच्या आधी मी गायिकेचा पहिला स्वर विचारून घेतो, हेडफोनमध्ये तो एकदा गुणगुणतो आणि मग त्याच्या मागचे चार स्वर कोणते असावेत ते शोधायला लागतो.