कॉलेजात ट्रान्स विद्यार्थ्याचा हक्क कागदावर कसा आणावा

कॉलेजच्या ऑफिसात ‘साहेबांना विचारून सांगतो’ असं उत्तर आलं की प्रकरण तिथेच थंडावतं. म्हणून तोंडी काही मागू नका. साधा अर्ज, दोन प्रती. एक आवकमध्ये द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडायचं.

आधी ओळखपत्र. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू आहे. त्यानुसार ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज मात्र ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरताना पोर्टलवर जे मागितलं असेल तेच धरा, मित्राचा जुना अनुभव नको. अडलंच तर नाशिकमध्ये नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याण विभागात विचारा.

नाव बदलताना बरेच जण मार्कशीटपासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. दहावी-बारावीचं बोर्ड वेगळं, विद्यापीठ वेगळं. सुरुवात हजेरीपट, आयकार्ड आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून करा. हे प्राचार्यांच्या हातातलं आहे. परीक्षेच्या फॉर्मवर मात्र विद्यापीठाच्या नोंदीत आज जे नाव आहे तेच लिहा, नाहीतर हॉल तिकिटाच्या वेळी धावपळ होईल. अर्जात एक ओळ आवर्जून घाला: ‘संपर्कासाठी माझाच मोबाईल वापरावा, घरी कळवण्याआधी मला विचारावे.’ घरी अजून काही सांगितलेलं नसेल, तर ऑफिसातून गेलेला एक फोन पुरेसा घोळ घालतो.

त्याच अर्जात विचारा की कॉलेजचा तक्रार अधिकारी कोण. कायद्याच्या कलम 11 नुसार प्रत्येक संस्थेत तो नेमलेला असायलाच हवा, आणि 2020 च्या नियमांप्रमाणे त्याने 15 दिवसांत चौकशी करायची असते. नाव सांगता येत नसेल तर नेमलेलाच नाही असं समजा, आणि नेमणुकीची मागणी लेखी करा.

तक्रार लिहिताना ‘मला सतत त्रास होतो’ एवढ्यावर थांबू नका. असं लिहा: ‘सोमवारी 11 च्या तासाला, खोली क्रमांक अमुक, हजेरी घेताना नवं नाव सांगूनही सरांनी जुनंच नाव तीनदा पुकारलं, मागच्या बाकांवरून हशा झाला, शेजारी हे दोघे होते.’ मेसेजचे स्क्रीनशॉट मूळ फोनमधून डिलीट करू नका.

मुलंच छळत असतील तर तो रॅगिंगचाच प्रकार. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2016 मध्ये ट्रान्सजेंडर ओळख आणि लैंगिक कल यांवरून होणारा छळही रॅगिंगच्या व्याख्येत आणला. हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे जा. यूजीसीच्या 2015 च्या नियमांत तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे.

शिक्षकांसाठी एक सोपं काम: आतून कडी लागणारं एक स्वच्छतागृह निवडा आणि दारावरची पाटी ‘सर्वांसाठी’ अशी करा. याला अनुदान लागत नाही.

समान संधीचं धोरण, कार्यशाळा वगैरे 8 मार्चच्या भाषणांपुरते उरू नयेत असं वाटत असेल, तर वार्षिक वेळापत्रकात तारीख आणि खर्चाची तरतूद मागा. सोबत लिहा की लिंगसमभाव हा नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनातला मुद्दा आहे. नॅकचं नाव निघालं की ऑफिसातली फाईल कशी चटकन सापडते, ते कुठल्याही प्राध्यापकाला विचारा.