घर विकून मोटारहोममध्ये राहताना बंदूक जवळ बाळगायची असल्यास या चुका टाळा

अमेरिकेत निवृत्तीनंतर घर विकून मोटारहोममध्ये, म्हणजे ज्याला तिकडे सर्रास आरव्ही म्हणतात त्या वाहनात, वर्षानुवर्षे फिरत राहणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत काही मराठी जोडपीही असतात. वाळवंटात किंवा जंगलाच्या कडेला मुक्काम करायचा असल्याने आधीपासून घरात असलेले पिस्तूल किंवा शॉटगन सोबत घ्यावी, असे अनेकांना वाटते. ती सोबत घेणे बेकायदा नाही. मात्र अमेरिकेतील बंदूकविषयक कायदे, मग ते संघराज्याचे असोत वा राज्यांचे, बंदूक बाळगणाऱ्याला कुठेतरी एक घर आहे असे गृहीत धरूनच लिहिलेले आहेत. ज्याला घर नाही त्याच्या बहुतेक अडचणी या गृहीतकातून निर्माण होतात.

त्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपल्या लोकांना सर्वांत मोठा धोका तिचाच असतो. एच-1बी, एच-4, एफ-1, बी-2 अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते नीट समजून न घेता त्यांच्या आधारावर राहणे शहाणपणाचे नाही. या गुन्ह्याची कमाल शिक्षा 2022 पासून 15 वर्षे आहे आणि बंदुकीसंबंधी गुन्हा सिद्ध झाल्यास देशाबाहेर काढले जाण्याची वेळ येते. ग्रीन कार्डधारकाला हा प्रतिबंध नाही. चूक घडते ती बहुधा पाहुण्यांच्या बाबतीत. मुलगा नागरिक असतो, बंदूक त्याच्या नावावर असते आणि भारतातून बी-2 व्हिसावर आलेले आईवडील महिनाभर त्याच मोटारहोममध्ये राहतात. बंदूक हातात घेतली तरच ताबा सिद्ध होतो असे नाही. ती ठेवलेल्या जागेवर आणि तिच्या किल्लीवर आपले नियंत्रण असले, तरी तो ताबा मानला जाऊ शकतो. म्हणून तिजोरीची किल्ली किंवा कुलपाचे आकडे केवळ मालकाकडेच असावेत आणि आईला ते ‘अडीअडचणीसाठी’ सांगून ठेवण्याचा मोह टाळावा.

पत्ता केवळ कागदावर ठेवणे

कायमचे फिरणारे लोक साऊथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एका राज्यात टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थेचा पत्ता घेतात. या तिन्ही राज्यांत व्यक्तिगत आयकर नाही आणि वाहन परवान्याचे काम तुलनेने सुटसुटीत होते. टपाल, विमा आणि वाहननोंदणी यांसाठी ही सोय उत्तम आहे, पण बंदूक खरेदी करताना मात्र ती अपुरी पडू शकते. परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेताना भरावयाच्या 4473 क्रमांकाच्या अर्जात सध्याच्या निवासाचा पत्ता लिहावा लागतो आणि तिथे टपालपेटीचा क्रमांक चालत नाही. एखाद्या राज्यात घर करण्याच्या इराद्याने तिथे उपस्थित असणे, अशी संघीय नियमांतील निवासाची व्याख्या आहे. वर्षातून एकदा टपाल घ्यायला जाणे या व्याख्येत बसवणे अवघड जाते. त्यातच पिस्तूल फक्त स्वतःच्या निवासी राज्यातील विक्रेत्याकडूनच थेट घेता येते. रायफल आणि शॉटगन यांना, दोन्ही राज्यांचे कायदे पाळले जात असतील तर, सवलत आहे.

बंदूक घ्यायचीच असेल, तर घर विकण्यापूर्वी घ्यावी, हा सर्वांत सोपा मार्ग होय. ते जमले नसल्यास ज्या राज्याला आपण निवासी राज्य म्हणतो तिथे प्रत्यक्ष काही काळ राहावे, (नागरिक असल्यास) मतदार नोंदणी, वाहननोंदणी आणि वाहन परवाना एकाच पत्त्यावर आणावेत आणि दुकानात जाण्यापूर्वी विक्रेत्याशी बोलून कोणती सरकारी कागदपत्रे तो ग्राह्य धरतो हे विचारून घ्यावे. अर्जावर जुन्या घराचा पत्ता ‘तोच अजून लायसन्सवर आहे’ म्हणून लिहून देणे हे खोटे निवेदन ठरते आणि त्याला 10 वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

‘आम्ही फक्त पुढे जात आहोत’

सर्वाधिक गैरसमज 1986 च्या ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अॅक्ट’बाबत आहेत. त्यातील एका कलमाने प्रवाशाला संरक्षण दिले आहे. जिथे बंदूक बाळगणे कायदेशीर आहे अशा एका ठिकाणाहून तशाच दुसऱ्या ठिकाणी जाताना, मधल्या राज्याचा कायदा कितीही कडक असला तरी, बंदूक रिकामी असेल आणि ती व काडतुसे प्रवासी बसतात त्या भागातून सहज हाताशी येत नसतील, तर नेता येते. म्हणजे कायदा प्रवाशाला दोन प्रश्न विचारतो: कुठून निघालात आणि कुठे चाललात? घरून निघून भावाकडे शिकारीला जाणाऱ्याला त्यांची उत्तरे देता येतात. ‘बघू, जिथे आवडेल तिथे थांबू’ असे म्हणणाऱ्याला ती देता येत नाहीत, आणि बेघर भटकंतीचे सौंदर्य नेमके तेच असल्यामुळे हे कलम अशा माणसाच्या उपयोगी फारसे पडत नाही. न्यू जर्सीत आठवडाभर मुक्काम ठोकून ‘आम्ही पेनसिल्व्हेनियाहून मेनला चाललो आहोत’ असे सांगितले, तरी तो मुक्कामच असतो.

एक रात्रसुद्धा किती महाग पडू शकते याचे उदाहरण न्यायालयाच्या नोंदीत आहे. 2005 साली युटा राज्यातील एक गृहस्थ सॉल्ट लेक सिटीहून न्यू जर्सीतील नेवार्कमार्गे पेनसिल्व्हेनियातील अॅलनटाऊनला निघाले होते. पिस्तूल त्यांनी नियमाप्रमाणे जाहीर करून, कुलूपबंद पेटीत, तपासलेल्या सामानात दिले होते. नेवार्कला पुढचे विमान चुकले, बॅग हातात आली आणि ती घेऊन ते रात्री हॉटेलात राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर त्यांनी स्वतःहून पिस्तूल असल्याचे सांगताच त्यांना अटक झाली आणि काही दिवस तुरुंगात काढावे लागले. फौजदारी आरोप पुढे मागे घेतले गेले, मात्र त्यांनी केलेला दिवाणी दावा अपील न्यायालयाने 2010 मध्ये फेटाळला. बॅग हॉटेलात त्यांच्या हाताशी होती, त्यामुळे संरक्षण उरले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अशा प्रसंगी बॅग ताब्यात घेण्याआधीच विमानतळावरील पोलिसांकडे किंवा कर्मचाऱ्यांकडे मदत मागता येते, असेही त्या निकालात म्हटले आहे. हा निकाल माझ्या मते फार कठोर आहे, पण त्यातील सल्ला उपयोगी आहे. वाहन बिघडून कडक राज्यात अडकल्यासही तेच तत्त्व लागू करावे: बंदूक हॉटेलच्या खोलीत नेऊ नये, तिचे कुलूप उघडू नये आणि गॅरेजवाल्याच्या ताब्यात वाहन देण्याआधी स्थानिक वकिलाला विचारावे. न्यू जर्सीत बेकायदा पिस्तूल बाळगण्यासाठी किमान साडेतीन वर्षांची शिक्षा कायद्यातच घालून दिलेली आहे, त्यामुळे वकिलाची फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

आता मोटारहोमच्या रचनेकडे पाहू. साध्या गाडीला डिकी असते. मोटारहोममध्ये चालकाच्या आसनापासून पलंगापर्यंत सगळी एकच सलग जागा असते, त्यामुळे मागच्या कपाटातील बंदूकसुद्धा ‘हाताशी’ असल्याचा आक्षेप येऊ शकतो. वेगळा कप्पा नसलेल्या वाहनात बंदूक आणि काडतुसे कुलूपबंद पेटीत असावीत आणि डॅशबोर्डचा खण किंवा दोन आसनांमधला कप्पा ही पेटी मानली जाणार नाही, असे कायदा स्पष्टपणे म्हणतो. सर्वांत योग्य जागा म्हणजे फक्त बाहेरून उघडणारा, तळाशी असलेला सामानाचा कप्पा. मात्र त्याचे मूळ कुलूप निरुपयोगी समजावे. अनेक कंपन्यांच्या आरव्हींच्या कप्प्यांना सीएच 751 या एकाच क्रमांकाची किल्ली लागते आणि ती कोणालाही काही डॉलरांत विकत मिळते. कुलूप बदलावे आणि आत वाहनाच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली पोलादी पेटी बसवावी. बंदुकीचा अनुक्रमांक आणि छायाचित्र वाहनाबाहेर कुठेतरी जपून ठेवावे, कारण अख्खे वाहनच चोरीला गेले तर पोलिसांना सांगायला तेवढाच आधार उरतो.

‘हे माझे घर आहे, वॉरंटशिवाय आत येता येणार नाही’ हा युक्तिवादही रस्त्यावर चालत नाही. सॅन दिएगोत वाहनतळावर उभ्या असलेल्या एका मोटारहोमच्या झडतीबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये निकाल दिला. चालवता येण्याजोगे आणि निवासाच्या ठिकाणी न लावलेले मोटारहोम झडतीच्या दृष्टीने वाहनच ठरते आणि सबळ कारण असल्यास वॉरंटची गरज नाही, असे त्यात ठरले. वीज आणि पाण्याच्या जोडण्या लावून कॅम्पग्राउंडवर स्थिरावलेल्या मोटारहोमचा प्रश्न न्यायालयाने तेव्हा मोकळाच ठेवला होता.

परवान्यांचा आणि सरहद्दींचा घोळ

एका राज्याचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना वाहन परवान्यासारखा देशभर चालत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि इलिनॉय ही राज्ये दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना सर्वसाधारणपणे मानत नाहीत, आणि पहिल्या तीन राज्यांत 10 पेक्षा अधिक काडतुसांचे मॅगझिनसुद्धा बेकायदा असू शकते. पोलिसाने थांबवल्यास बंदुकीबद्दल स्वतःहून सांगावे की विचारल्यावरच, याचेही नियम राज्यागणिक बदलतात. मिशिगनमध्ये परवानाधारकाने ते ताबडतोब सांगावे लागते. प्रत्येक राज्याची सीमा ओलांडण्याच्या आदल्या दिवशी त्या राज्याच्या पोलीस खात्याचे संकेतस्थळ वाचण्याची सवय लावावी.

एकाच राज्यातसुद्धा जमिनीगणिक नियम वेगळे असतात. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी 2010 पासून बंदूक जवळ बाळगण्याला संबंधित राज्याचा कायदा लागू होतो, पण तेथील माहिती केंद्र ही संघराज्याची इमारत असल्याने आत बंदूक नेता येत नाही. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या (लष्कराच्या अभियंता दलाच्या) तलावांकाठच्या कॅम्पग्राउंडवर भरलेल्या बंदुकीवर स्वतंत्र निर्बंध आहेत. पोस्ट ऑफिसच्या आवारात बंदूक नेऊ न देण्याचा नियम तर फिरस्त्यांच्या अगदी रोजच्या कामात आडवा येतो, कारण ‘जनरल डिलिव्हरी’ने, म्हणजे पोस्टातच राखून ठेवण्याच्या सोयीने, आलेले टपाल घ्यायला तिथेच जावे लागते आणि नियमाच्या शब्दांत पार्किंगची जागाही आवारातच मोडते. मोटारहोम रस्त्यावर लावून पायी जावे.

अलास्काला रस्त्याने जायचे तर कॅनडातूनच जावे लागते. साधी रायफल किंवा शॉटगन सीमेवर लेखी जाहीर करून आणि शुल्क भरून नेता येते, पिस्तुलाचे मात्र जवळजवळ अशक्य समजावे; अस्वलाच्या भीतीचे कारण अधिकाऱ्यापुढे चालत नाही आणि माणसांवर वापरायचा मिरचीचा फवाराही तिथे निषिद्ध शस्त्र आहे. मेक्सिकोत तर खणात विसरलेले एक काडतूसही तुरुंगात नेऊ शकते. पिस्तूल सीमेच्या अलीकडे एखाद्या परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायचे असेल, तर परत घेताना नवा अर्ज आणि पार्श्वभूमीची तपासणी लागेल का, आणि दुसऱ्या राज्याच्या निवाशाला तो ते परत देऊ शकेल का, हे ठेवण्याआधीच विचारून घ्यावे.