सिस्टिक फायब्रोसिसच्या तज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना

जनुक तपासणीचा अहवाल आधी पिशवीत टाका, मग पुढचं वाचा. सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार. सगळी पानं हवीत, आजार घडवणाऱ्या जनुकातल्या दोन्ही बदलांची (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेला) नावं लिहिलेलं पान तर हवंच. फोनमधला अर्धामुर्धा फोटो चालत नाही. लेकीच्या पहिल्या भेटीला मी सगळं नेलं आणि नेमका हाच कागद घरी राहिला. डॉक्टरांनी विचारलं, "सीएफटीआर जनुकातले दोन बदल कोणते?" मी घामाच्या तपासणीचा कागद पुढे केला. घामातलं क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त असलं की निदानाला बळ मिळतं, पण बदल कोणते ते त्यातून कळत नाही. औषधाचा निर्णय पुढच्या भेटीवर गेला. ते दिवस मला अजून टोचतात.

कारण नवी मॉड्युलेटर औषधं या जनुकापासून बनणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनावरच काम करतात. एफ५०८डेल हा सर्वांत जास्त आढळणारा बदल. तो असला तर एक वाट, प्रथिन तयारच होऊ न देणारे दोन बदल असले तर ही औषधं उपयोगाची नाहीत. म्हणून अहवाल.

घरच्यांसाठीही तोच लागतो. आईवडील दोघं वाहक असतील, म्हणजे दोघांकडे एकेक बदल असेल पण आजार नसेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं मुळीच नाही. माझ्या बहिणीला तेव्हा दिवस गेले होते. वाहक तपासणीत बहुधा नेहमीचे बदलच शोधतात आणि माझ्याकडून लेकीला आलेला बदल दुर्मीळ. बदलाचं नाव न सांगता तपासणी केली असती, तर तिचा निकाल चांगला आला असता आणि तरी खोटा असू शकला असता. अहवाल, अहवाल, अहवाल.

आता बाकीचं. वजन-उंचीच्या जुन्या नोंदी. कफाचे किंवा घशाच्या स्वॅबचे कल्चर अहवाल (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) तारखांसह. स्युडोमोनास हा फुप्फुसात घर करणारा जंतू कधी सापडला आणि कोणत्या अँटिबायोटिकने गेला, हे आठवणीवर सोडू नका. अन्न पचायला लागणारी स्वादुपिंडाची एन्झाइम्स जास्तीची घ्या. तिथे तासन्‌तास जातात, मूल मधेच काहीतरी खातं, आणि स्निग्ध पदार्थ असलेल्या प्रत्येक खाण्याबरोबर ती द्यावीच लागतात. नेब्युलायझरची औषधं कोणत्या क्रमाने देता ते लिहून न्या. छातीची फिजिओथेरपी घरी कशी करता ते तिथे करून दाखवा. आमचा हात चुकत होता, ते तेव्हाच कळलं.

मास्क न्याच. आणि सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या दुसऱ्या मुलाजवळ आपलं मूल बसवू नका, निदान दोन मीटर अंतर ठेवा. दोघं खेळायला आसुसतात, आवरताना जीव तुटतो, पण एकाच्या फुप्फुसातले जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसात मुक्काम ठोकतात.

पाणी, कपडे, पाकीट तुम्हाला माहीत आहे. प्रश्नांची वही. आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट भेटल्याशिवाय उठू नका. पुढची तारीख घ्या. आणि अहवालाची मूळ प्रत कुणाकडे ठेवून येऊ नका, छायाप्रत द्या.