नाशिकहून निघून लहान गावांतील स्मारके आणि संग्रहालये कशी पाहावीत

शिर्डीला किंवा मालेगावकडे जाताना वाटेतल्या चौकातला पुतळा, पाराशेजारचा कोरीव दगड आणि गावातले छोटेसे संग्रहालय आपल्याला गाडीतून दिसते आणि तसेच मागे पडते. ही ठिकाणे नीट पाहायची असतील, तर स्वतंत्र दिवस काढावा.

सर्वप्रथम रस्ता ठरवावा आणि एका दिवसाला एकच दिशा धरावी. भगूर पाहून पांढुर्लीमार्गे सिन्नर हा पहिल्या प्रवासासाठी उत्तम मार्ग आहे. येवला आणि चांदवड दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. तीनपेक्षा अधिक थांबे घेऊ नयेत. बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून तो वार टाळावा आणि निघण्यापूर्वी वेळेची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी.

निघण्याआधी त्या परिसराविषयी एखादी तरी गोष्ट वाचून ठेवावी, कारण माहिती असल्याशिवाय काचेच्या कपाटातली वस्तू आपल्याशी बोलत नाही. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपान याची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. एवढे ठाऊक असले, की पांडवलेण्यांतील नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, शिलालेख आणि त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयातील दालने एकाच कथेचे भाग वाटू लागतात.

पुतळ्यापाशी पोहोचल्यावर चेहऱ्याआधी चौथरा वाचावा. कोनशिलेवर अनावरणाचे वर्ष आणि पुतळा उभारणाऱ्यांची नावे असतात, आणि गावाला त्या व्यक्तीची आठवण केव्हा व का जपावीशी वाटली, हे तिथूनच समजते. स्मारक त्याच जागी का आहे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा. येवल्याची मुक्तिभूमी तिथे आहे, कारण १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा तिथे केली. भगूरच्या वाड्यात २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकरांचा जन्म झाला. घटना जिथे घडली त्याच भूमीवर उभे राहून ती वाचण्याचा परिणाम निराळाच असतो.

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहताना थेट गाभाऱ्यात जाऊ नये. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी. हे यादवकालीन शैव पंचायतन आहे, म्हणजे मधल्या मुख्य मंदिराभोवती चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे आहेत. मुख्य शिखराकडे पाहिल्यास लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी वर चढत गेलेल्या दिसतात. ही भूमिज शैलीची खूण आहे. मंदिराचा दगड काळा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, हे लक्षात ठेवून सिन्नरच्याच गारगोटी या खनिजांच्या संग्रहालयात जावे. लाव्हा थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्यांत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक वाढले. एकाच दगडाचे बाहेरचे आणि आतले रूप एका दिवसात पाहायला मिळते, म्हणून हा क्रम मला विशेष प्रिय आहे.

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड, हे मात्र सर्वांत दुर्लक्षित स्मारक आहे आणि त्याला सर्वांत अधिक वेळ द्यावा. गावच्या मारुतीजवळ, पारावर किंवा वेशीपाशी तो उभा किंवा कलंडलेला आढळतो. तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर दिसतो; तिथे गाई कोरलेल्या असतील, तर गोधन राखताना त्याला मरण आले असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. काटकोनात वळलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसला, तर ती सतीशिळा होय. कोरीव काम झिजलेले असल्यास सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे, अन्यथा टॉर्च बाजूने धरावा; पुसट झालेली तलवारही मग उठून दिसते. शेंदूर खरवडू नये, खडूने रेघा गिरवू नयेत, आणि पूजेतला दगड असेल तर छायाचित्रापूर्वी तिथल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी. त्याच निमित्ताने त्या दगडाला गावात काय म्हणतात, हेही विचारावे.

मुक्कामी पोहोचल्यावर त्याच रात्री गावाचे नाव, दगडाची नेमकी जागा आणि कोनशिलेवरील मजकूर वहीत उतरवून ठेवावा. एखादा वीरगळ रस्तारुंदीकरणाच्या मातीत पडलेला आढळला, तर तो स्वतः हलवू नये. छायाचित्र आणि जागेची माहिती ग्रामपंचायतीला व पुरातत्त्व खात्याच्या नाशिक येथील कार्यालयाला लेखी कळवावी.