हिमयुगांचे गणित मांडताना या चुका टाळा

पृथ्वी सूर्यापासून दूर गेली म्हणून हिमयुग आले, ही समजूत सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट आहे. प्रत्यक्षात पृथ्वी दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीस सर्वांत दूर, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर असते; म्हणजे उत्तर गोलार्धातील हिवाळा सूर्य जवळ असतानाच येतो. या दोन टोकांमध्ये मिळणाऱ्या उन्हात जवळजवळ ७ टक्के फरक पडतो, पण वर्षाची बेरीज केली की तो जवळपास पुसला जातो. कक्षा तिच्या मर्यादेत जास्तीत जास्त लांबट झाली, म्हणजे उत्केंद्रता आजच्या ०.०१६७ वरून ०.०६ पर्यंत पोहोचली, तरी वार्षिक बेरीज ०.२ टक्क्यांहूनही कमी बदलते, आणि तोही बदल वाढीचा असतो, घटीचा नव्हे. म्हणून वार्षिक बेरजेकडे न पाहता ऊन कोणत्या अक्षांशावर आणि कोणत्या ऋतूत पडते, हे पाहावे.

ऋतू निवडतानाही घसरण होते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स क्रॉल यांनी कडक हिवाळ्यावर भर दिला होता, आणि आजही अनेक लेख नकळत त्याच वाटेने जातात. उंच अक्षांशांवर हिवाळा कसाही असला तरी बर्फ पडण्याइतका थंड असतोच. खरा प्रश्न पडलेले बर्फ पुढच्या उन्हाळ्यात टिकते का, हा आहे. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोप्पेन यांनी हे लक्षात आणून दिल्यावर सर्बियाचे मिलुतिन मिलांकोविच यांनी ६५ अंश उत्तर अक्षांशावरील उन्हाळी ऊन मोजण्यावर लक्ष केंद्रित केले, कारण मोठे हिमस्तर पसरायला लागणारी विस्तीर्ण जमीन त्याच पट्ट्यात आहे. तेथे जूनमध्ये पडणारे ऊन गेल्या दहा लाख वर्षांत प्रति चौरस मीटर सुमारे १०० वॅटच्या पल्ल्यात वरखाली झाले आहे.

पृथ्वीचा आस आणि कक्षा यांत ठरावीक काळाने होणाऱ्या बदलांच्या, म्हणजे आवर्तनांच्या, आकड्यांत २६,००० वर्षे हा आकडा हमखास चुकीच्या जागी बसतो. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पृथ्वीचा आस एवढ्या काळात एक फेरा घेतो हे खरे, परंतु दरम्यान कक्षेची लंबवर्तुळाकृतीही हळूहळू फिरत असते. त्यामुळे ऋतूंना जाणवणारे आवर्तन सुमारे २३,००० आणि १९,००० वर्षांचे असते, आणि जुन्या हवामानाच्या खुणा जपणाऱ्या समुद्रतळाच्या गाळात शोधायचे ते हेच. त्यातही कक्षा पूर्ण वर्तुळाकार असती तर या फेऱ्याचा हवामानावर काहीच परिणाम झाला नसता. आसाचा कल मात्र ४१,००० वर्षांत सुमारे २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान स्वतंत्रपणे हलतो.

स्वतः गणित करणाऱ्यांसाठी एक सापळा विशेष सांगण्यासारखा आहे. उपसूर्य बिंदूचे, म्हणजे कक्षेतील सूर्याच्या सर्वांत जवळच्या जागेचे, रेखांश काही तक्त्यांत सूर्यावरून पाहिल्याप्रमाणे सुमारे १०३ अंश दिलेले असते, तर काहींत पृथ्वीवरून पाहिल्याप्रमाणे सुमारे २८३ अंश. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या सूत्रात घातला की १८० अंशांची चूक होते, आलेख दिसायला निर्दोष राहतो आणि गोलार्धांच्या ऋतूंची मात्र अदलाबदल होते. तपासणी सोपी आहे: आजच्या तारखेसाठी उपसूर्य डिसेंबरच्या अयनदिनानंतर साधारण दोन आठवड्यांनी आला पाहिजे, आणि मार्च ते सप्टेंबर या संपातांमधील (दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसांमधील) अंतर १८६ दिवस, तर उरलेले १७९ दिवस निघाले पाहिजे. तसेच सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच्या गणितात उत्तरेचा उन्हाळा आजच्यापेक्षा प्रखर दिसला पाहिजे, कारण त्या सुमारास आणि नंतरची काही सहस्रके मोसमी पाऊस जोरदार होता व सहारात गवत आणि सरोवरे होती.

कक्षेने सर्व काही उलगडते असे मानणे ही याच्या उलट टोकाची चूक. हेज, इंब्री आणि शॅकलटन या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये गाळातील सूक्ष्म कवचांवरून ही आवर्तने दाखवून दिली खरी, पण सुमारे १२ ते ७ लाख वर्षांपूर्वीच्या काळात हिमयुगांची लय ४१,००० वर्षांवरून जवळपास एक लाख वर्षांवर गेली आणि कक्षेच्या आवर्तनांत त्या वेळी तसा बदल झालेला नव्हता. अंटार्क्टिकाच्या आठ लाख वर्षांच्या बर्फात कार्बन डायऑक्साइड हिमकाळात दशलक्षात सुमारे १८० आणि उबदार काळात २८० भाग आढळतो. कक्षेने दिलेला लहानसा धक्का कार्बन डायऑक्साइड आणि ऊन परतवणारा बर्फाचा शुभ्रपणा मिळून मोठा करतात.

गाळाचे वय कक्षेच्या आलेखाशी जुळवून घ्यायचे आणि मग दोन्ही जुळतात असे जाहीर करायचे, हा तर उघड चक्रीय युक्तिवाद झाला. तो टाळायला स्वतंत्र खूण लागते. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची शेवटची उलटापालट ही अशी एक खूण; ती पूर्वी ७.३ लाख वर्षांपूर्वीची मानली जात होती. कक्षेवरून काढलेले वय ७.८ लाख निघाले, आणि पुढे ज्वालामुखी खडकांच्या आर्गॉन पद्धतीने केलेल्या कालमापनाने कक्षेच्याच बाजूने कौल दिला.

आजची तापमानवाढ या आवर्तनांच्या खात्यावर टाकणे तर गणिताच्या प्रमाणातच बसत नाही. आसाचा कल शतकभरात अंशाच्या जेमतेम ०.०१३ इतका बदलतो, आणि तोही कमी होत आहे. उत्तरेचे उन्हाळी ऊन गेली सुमारे १०,००० वर्षे घटतेच आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड मात्र दोन-अडीच शतकांत २८० वरून ४२० भागांच्या पुढे गेला आहे.